कृष्णवर्णीय अमेरिकी आणि पीसी गेमिंग

अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात व्हिडिओ गेम भरपूर खेळले जातात, पण मुख्यतः टीव्हीला जोडलेल्या कन्सोलवर आणि मोबाइलवर. खास गेमिंगसाठी जुळवलेला संगणक, म्हणजे गेमिंग पीसी, त्या मानाने कमी घरांत असतो. याला आवडीचा अभाव म्हणणे साफ चूक आहे. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०१५ च्या पाहणीत कृष्णवर्णीय किशोरवयीनांपैकी ८३ टक्के मुले गेम खेळत होती. गोऱ्या मुलांत हेच प्रमाण ७१ टक्के होते. कार्ट्रिज (खेळ साठवलेल्या डब्या) बदलून निरनिराळे खेळ खेळता येणारा पहिला घरगुती कन्सोल, १९७६ चा फेअरचाइल्ड चॅनल एफ, ज्या चमूने घडवला त्याचे प्रमुख जेरी लॉसन हेही कृष्णवर्णीयच.

संगणक या घरांत उशिरा पोहोचला. १९९८ च्या अखेरीस गोऱ्यांच्या ४६.६ टक्के घरांत संगणक होता, कृष्णवर्णीयांच्या २३.२ टक्के. नेमकी हीच वर्षे क्वेक आणि स्टारक्राफ्ट या पीसीवर गाजलेल्या खेळांची. पीसीवर वाढलेली पिढी तेव्हा घडत होती. दरीचे मूळ संपत्तीत आहे. २०२२ मध्ये गोऱ्या कुटुंबांची मध्यक संपत्ती २,८५,००० डॉलर होती, कृष्णवर्णीय कुटुंबांची ४४,९०० डॉलर. २०२० साली आरटीएक्स ३०८० हे नुसते ग्राफिक्स कार्ड ६९९ डॉलरला निघाले; त्याच वर्षी प्लेस्टेशन ५ हा अख्खा कन्सोल मिळत होता ४९९ डॉलरला.

तरीही सगळे पैशावर ढकलता येत नाही. माणूस खेळतो ते मित्र जिथे खेळतात तिथे. दिवाणखान्यातला सोफा, दोन कंट्रोलर, मागे नंबर लावून उभी भावंडे. हरला त्याने कंट्रोलर पुढच्याच्या हातात द्यायचा, जिंकला तो बसून राहणार. हा खेळ बहुधा अमेरिकन फुटबॉलचा मॅडन किंवा बास्केटबॉलचा एनबीए २के. मॅडन ०८ नंतर थेट २०१८ च्या मॅडन १९ पर्यंत हा खेळ पीसीवर आलाच नाही. २०२४ चा कॉलेज फुटबॉल २५ तर पीसीसाठी काढलाच नाही. २के२१ ते २के२४ या चार वर्षांत पीसीवाल्यांच्या वाट्याला आली ती जुन्या पिढीच्या कन्सोलची आवृत्ती. म्हणजे पीसी घेणे याचा अर्थ आपल्या टोळीतून उठून जाणे, आणि वर जास्त पैसे मोजणे.

फायटिंग गेमचे, म्हणजे समोरासमोर मारामारीच्या खेळांचेही तसेच. ते खेळणाऱ्यांचा समुदाय आर्केडमधून (नाणे टाकून खेळायच्या यंत्रांच्या दुकानांतून) कन्सोलवर आला आणि त्यात कृष्णवर्णीय खेळाडू सुरुवातीपासून आघाडीवर आहेत. त्यांच्यापैकीच सॉनिकफॉक्स यांना २०१८ च्या गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट ईस्पोर्ट्स (स्पर्धात्मक व्हिडिओ गेम) खेळाडूचा मान मिळाला.

पीसीच्या स्पर्धांमध्ये शिरलेल्यांचे स्वागत मात्र नेहमी सन्मानाने झाले नाही. २०१६ मध्ये ऑस्टिनच्या ड्रीमहॅक या गेमिंग महोत्सवातील स्पर्धेत टेरेन्स मिलर हे कृष्णवर्णीय खेळाडू हार्थस्टोन हा पत्त्यांचा व्हिडिओ गेम खेळत अंतिम फेरीपर्यंत पोहोचले. ते पडद्यावर दिसले की ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या संकेतस्थळावरील चॅटमध्ये वंशद्वेषी शिव्यांचा पाऊस पडे. ज्या दिवशी एका खेळाडूचे नाव व्हायचे, त्याच दिवशी हजारो प्रेक्षकांसमोर हे घडले. असे पाहिलेल्या मुलाने त्या वाटेला न जाणे मला तरी स्वाभाविक वाटते.

फोर्टनाइटसारख्या खेळांत २०१८ पासून पीसी आणि सर्व कन्सोलवरचे खेळाडू एकत्र खेळू लागले, त्यामुळे मित्र तुटण्याची अडचण तिथे उरली नाही. एनबीए २के२५ मध्ये प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सवाले एकमेकांशी खेळू शकतात. पीसीवाला अजूनही त्यांच्या बाहेरच आहे.