गालिचा बडवणारी यंत्रे: जुन्या उभ्या व्हॅक्यूम क्लीनरची ओढ

व्हॅक्यूम क्लीनर म्हणजे धूळ ओढून घेणारे यंत्र, असे आपण धरून चालतो. जुन्या उभ्या क्लीनरबाबत हे अर्धेच खरे आहे. गालिच्याच्या धाग्यांच्या बुडाशी रुतलेली बारीक वाळू नुसत्या हवेच्या ओढीने सुटत नाही. म्हणून ही यंत्रे गालिचा किंचित वर उचलतात, बडवतात, झाडतात आणि मग मोकळा झालेला कचरा हवेबरोबर पिशवीत ढकलतात. हे सगळे उघड्यावर चालते. मोटरवरून ब्रशचा रोलर फिरवणारा रबरी पट्टा ऐकू येतो, पिशवी फुगताना दिसते. संग्राहक या यंत्रांच्या नादी लागतात ते मुख्यतः यामुळे, जुनेपणाचे कौतुक त्यानंतर.

या घराण्याचा मूळ पुरुष जेम्स मरे स्पँग्लर. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या कँटन गावी तो एका दुकानात साफसफाईचे काम करी. झाडताना उडणाऱ्या धुळीने त्याचा दमा बळावायचा. पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून त्याने यंत्र उभे केले आणि जून 1908 मध्ये पेटंट मिळवले. हक्क विकत घेतले ते चामड्याच्या वस्तू बनवणाऱ्या विल्यम हेन्री हूव्हर यांनी. 1926 च्या हूव्हर 700 मध्ये केसांच्या ब्रशबरोबर धातूच्या पट्ट्या असलेला रोलर आला. गालिच्यावर भराभर आपटून त्या वाळू हलवतात. 1936 चे मॉडेल 150 औद्योगिक डिझायनर हेन्री ड्रेफस यांनी आखले. त्यात बेकलाइटचे (राळेपासून बनवलेल्या जुन्या कडक प्लॅस्टिकचे) आवरण आणि वजन कमी ठेवण्यासाठी मॅग्नेशियमचे ओतीव भाग होते.

या यंत्रांची रचना आजच्या बहुतेक क्लीनरच्या उलट असते. आज हवा आधी पिशवीतून वा गाळणीतून जाते आणि मग पंख्याकडे येते. जुन्या उभ्या यंत्रात कचरा आधी पंख्यातून जातो आणि त्यानंतर पिशवीत पडतो. तोंडापासून पंख्यापर्यंतची वाट आखूड आणि रुंद असल्याने भरपूर हवा वाहते. दाबातला फरक, म्हणजे ओढीचा जोर, मात्र बेताचाच असतो. गालिच्यासाठी हेच हवे. पण त्याच यंत्राला लांब, अरुंद नळी लावली की जीव जातो.

या रचनेची किंमत पंखा मोजतो. नाणे किंवा स्क्रू आत गेला की पात्याचा टवका उडतो, तोल बिघडतो आणि थरथरीने बेअरिंगे झिजतात. यंत्र विकत घेण्याआधी प्लग काढून खालून पंखा हाताने फिरवून पाहावा. पाती आवरणाला घासली, खडखड झाली किंवा पंख्याचा दांडा वरखाली हलला, तर बेअरिंगांचा खर्च धरूनच भाव ठरवावा. पंखा काढताना आटे कोणत्या दिशेचे आहेत ते आधी तपासावे. काही मॉडेलांत ते उलटे असतात आणि जोर लावला की दांडाच मोडतो.

पिशवी धुण्याचा मोह आवरावा. कापडाच्या आतल्या बाजूला धुळीचा पातळ थर बसतो आणि कापडाच्या छिद्रांपेक्षा बारीक कण तोच अडवतो. धुतल्यावर थर जातो, कापड आटते आणि पहिले काही दिवस खोलीभर धूळ उडते. पिशवी बाहेर नेऊन, तोंडावर चांगला मास्क लावून, उलटी करून झटकली की पुरे.

अनेक दशके पडून असलेले यंत्र थेट सॉकेटला लावू नये. रबराची वायर सुकून तडकलेली असते आणि पुष्कळ जुन्या यंत्रांना अर्थिंगच नसते. रेडिओतली खरखर टाळण्यासाठी मोटरला कागदी कंडेन्सर जोडलेला असेल तर तो पहिल्याच दिवशी फुटू शकतो. वायर आणि कंडेन्सर बदलावेत. मग 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासण्याच्या मीटरने) वायंडिंग, म्हणजे मोटरच्या तारेच्या गुंडाळ्या, आणि धातूचे अंग यांच्यातला रोध मोजावा. तो 1 मेगाओमच्या खाली असेल तर मोटर कोरडी करून पुन्हा मोजावे. त्यानंतर 100 वॉटचा जुना तारेचा पिवळा बल्ब यंत्राबरोबर सिरीजमध्ये (एकाच वाटेवर, एकामागोमाग) घालून चालू करावे. बल्ब पूर्ण तेजाने पेटला आणि पंखा हललाच नाही, तर आत शॉर्ट आहे किंवा मोटर जाम आहे.

मोटर सिरीज जातीची असते. फील्ड (स्थिर गुंडाळी) आणि आर्मेचर (फिरणारी गुंडाळी) यांतून एकच प्रवाह जातो, त्यामुळे ती एसी आणि डीसी दोन्हींवर चालते. तोंडावर हात ठेवला की तिचा सूर चढतो. मोटरवर ताण आला असे वाटते खरे, पण घडते उलटेच: पंख्याला ढकलायला हवा उरत नाही, भार घटतो आणि वेग वाढतो. फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश 6 मिलिमीटरपेक्षा आखूड झाले की बदलावेत. हे ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्यावर, म्हणजे काळवंडलेल्या कॉम्युटेटरवर, एमरी पेपर कधीही वापरू नये. त्याचे कण तांब्यात रुततात, पट्ट्यांमधल्या फटींत साचतात आणि ठिणग्या वाढवतात. बारीक काचपेपर चालतो. बेअरिंगमध्ये ग्रीस कोंबले की ते उडून कॉम्युटेटरवर बसते, म्हणून थोडेच भरावे.

चकाकी आणायची ती सगळ्यात शेवटी. ॲल्युमिनियमला 400, 800, 1200, 2000 नंबरचे पॉलिश पेपर पाण्यासोबत क्रमाने वापरावेत आणि शेवटी पॉलिशची पेस्ट. मॅग्नेशियमच्या भागांना मात्र मशीनवर कोरडे घासू नये. त्याची भुकटी पेट घेते. बेकलाइटला पॉलिश पेपर लावायचाच नाही. वरचा राळेचा पातळ पापुद्रा गेला की खालचा लाकडाचा भुसा उघडा पडतो, ओल पितो आणि गेलेली झळाळी कशानेही परत येत नाही. मऊ पेस्टने चोळताना फडक्याला तपकिरी रंग लागतो. तो झिजलेला वरचा थर, घाबरण्याचे कारण नाही.

पट्टा चढवताना सगळ्यात जास्त चुका होतात. मोटरचा दांडा उभा असेल तर रबरी पट्ट्याला पाव पीळ देऊन तो आडव्या रोलरवर घालावा लागतो. पीळ उलटा पडला की रोलर उलटा फिरतो, कचरा मागे जाण्याऐवजी पुढे उडतो, आणि मालक मोटरला दोष देत बसतो. आवरणावरचा बाण पाहून पट्टा घालावा आणि रोलर हाताने एकदा फिरवून खात्री करावी. यंत्र महिनोन्‌महिने मांडणीत ठेवायचे असेल तर पट्टा काढून आत पाकिटात ठेवावा, नाहीतर तो ताणलेल्या अवस्थेतच कडक होतो. आणि 120 व्होल्टचे यंत्र 230 व्होल्टच्या देशात चालवायचे तर पाटीवरच्या वॉटपेक्षा निदान दीडपट क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा. सुरू होताना क्षणभर लागणारा जादा प्रवाह पाटीवर लिहिलेला नसतो.