पिंग (गेमिंग)

पिंग म्हणजे गेममधी आपण मेलो की ज्याच्यावर बिल फाडायचं ती गोष्ट. पुस्तकी व्याख्या अशी की मोबाईलवरून निघालेला डेटा सर्व्हरपर्यंत (म्हणजे गेम चालवणाऱ्या लांबच्या कॉम्प्युटरपर्यंत) जाऊन उत्तर घेऊन परत यायला लागणारा वेळ, मोजायचा मिलिसेकंदात (१००० मिलिसेकंद म्हणजे १ सेकंद). परभणी-बीडकडं मात्र व्याख्या अशी ऐकू येते, “काय खेळायलास बे?” “पिंग बघ की, २८० दाखवायलंय!”

पिंग नावाचा मूळ प्रोग्राम माइक मूस ह्या अमेरिकन माणसानं डिसेंबर १९८३ मधी लिहिला, नेटवर्कची कुरकुर शोधायला. आपल्याकडं तो दोस्तांसोबत कुरकुर करायला वापरतात.

आता हिशोब बघा. डेटा उजेड बनून फायबरमधून (इंटरनेटच्या काचेच्या तारेतून) जातो, आणि हा उजेड १ मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर पळतो, म्हणजे परभणी ते मुंबई ५०० किलोमीटर धरलं तरी जाऊन-येऊन ५ मिलिसेकंद, मग बाकीचे २७५ गेले कुठं? थोडे आडवळणाच्या रूटमधी, थोडे सर्व्हर सिंगापूरला असला तर समुद्रात, आणि लई वेळा आपल्याच घरात, कारण तायडीनं नेमकं तेव्हाच लग्नाचे व्हिडिओ अपलोडला टाकलेले असतात आणि राउटर बिचारा सगळी पॅकेटं (डेटाचे बारके तुकडे) रांगेत उभी करतो, तुमची गोळी पण त्याच रांगेत, वरातीच्या मागं. म्हणून १०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला की पिंग आपोआप कमी होतो हा गैरसमज, स्पीड वेगळा आणि पिंग वेगळा.

संध्याकाळी लाईट गेली की अजून मजा. वायफाय बसतं, अख्खं गाव एकदम मोबाईल डेटावर येतं, टॉवर गुदमरतो. अशा टायमाला तुम्ही दाराआड जाऊन बसलेले असता पण सर्व्हरच्या लेखी अजून अंगणातच उभे, समोरचा तिथंच टिपतो आणि तुम्ही बंद दाराआड मरता. ह्याला लॅग म्हणतात. (समोरच्याला मात्र तो स्वतःचा स्किल वाटतो.)

उपाय: गच्चीवर जाणे, बाकीच्यांचं वायफाय गुपचूप बंद करणे, किंवा रात्री १ नंतर खेळणे, तेव्हा टॉवर मोकळा असतो, फक्त आई जागी असते.

उपप्रकार: तोंडी पिंग. हा स्क्रीनवर दिसत नाही, फक्त हरल्यावर सांगितला जातो आणि स्क्रीनशॉट मागितला की नेमकं नेट जातं.