बार्बरी सिंह

बार्बरी सिंह : उत्तर आफ्रिकेतील, वन्य स्थितीत नामशेष झालेला सिंह. ‘ॲटलास सिंह’ हे त्याचे दुसरे प्रचलित नाव. मोरोक्को, अल्जीरिया आणि ट्युनिशिया येथील डोंगराळ जंगलांत तो आढळत असे. पूर्वेला लिबिया-ईजिप्तपर्यंतचा त्याचा प्रसार फार पूर्वीच आटला असावा. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५८ मध्ये सिंहाचे जे शास्त्रीय वर्णन केले, त्याचे मूळ स्थान अल्जीरियातील कॉन्स्टँटिन मानले जाते. त्यामुळे पँथेरा लिओ लिओ हे नाव प्रथम याच सिंहाचे ठरते.

काळपट, छातीवरून पोटापर्यंत उतरणारी दाट आयाळ ही त्याची खूण म्हणून जुन्या ग्रंथांत ठळकपणे दिलेली असते. मात्र या खुणेवर फार विसंबू नये. आयाळीची वाढ हवामानावर बरीच अवलंबून असते आणि थंड प्रदेशांतील प्राणिसंग्रहालयांत दक्षिणेकडील सिंहांनाही तशीच भरघोस आयाळ येते. केवळ आयाळ पाहून ‘बार्बरी’ ठरवलेल्या प्राण्यांविषयी म्हणूनच शंका घेतली जाते.

वर्गीकरणाबद्दलही मतभेद आहेत. पूर्वी तो स्वतंत्र उपजाती मानला जाई. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या मार्जारतज्ज्ञ गटाने २०१७ मध्ये सिंहाच्या दोनच उपजाती मान्य केल्या. त्यांतील उत्तरेकडील उपजातीत बार्बरी, पश्चिम व मध्य आफ्रिकेतील सिंह आणि गीरचे सिंह एकत्र येतात. आनुवंशिक पुरावा पाहता ही मांडणी अधिक सयुक्तिक वाटते. लंडन टॉवरच्या खंदकात सापडलेल्या दोन मध्ययुगीन सिंहकवट्यांच्या डीएनएवरून ते प्राणी उत्तर आफ्रिकेतून आणलेले असावेत, असे २००८ मध्ये दाखवण्यात आले. त्यांपैकी जुनी कवटी तेराव्या-चौदाव्या शतकातील असावी.

नामशेष होण्याचा काळ निश्चित सांगता येत नाही. ट्युनिशियात १८९१, अल्जीरियात १८९३ आणि मोरोक्कोत १९४२ (तिझी न तिश्का खिंडीजवळ मारलेला सिंह) ही वर्षे सामान्यतः दिली जातात. १९२५ मध्ये कॅसाब्लांका-डाकार मार्गावरील विमानातून छायाचित्रकार मार्सेलां फ्लांद्रां यांनी ॲटलासच्या उजाड उतारावरून चालणाऱ्या एकट्या सिंहाचे छायाचित्र टिपले. अल्जीरियात सेतिफजवळ १९५६ मध्ये बसमधील प्रवाशांना सिंह दिसल्याची नोंद आहे. ते जंगल पुढे अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात नष्ट झाले. अशा सर्व नोंदींचे संख्याशास्त्रीय विश्लेषण २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार काही सिंह १९५० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत, कदाचित १९६० च्या दशकातही तग धरून होते. हे मत ग्राह्य धरल्यास एक गंभीर गोष्ट पुढे येते : ज्या काळात हा सिंह संपला असे सर्वांनी गृहीत धरले होते, त्या काळात तो वाचवणे शक्य होते. बंदुका, शिकारीवरील बक्षिसे, जंगलतोड आणि चराईचा विस्तार ही ऱ्हासाची कारणे.

संवर्धनाचा सारा प्रश्न मोरोक्कोच्या ‘शाही सिंहां’भोवती फिरतो. ॲटलासमधील अमाझिघ (बर्बर) टोळ्या सुलतानाला नजराणा म्हणून सिंह देत आणि राजवाड्यात त्यांची पैदास होई. १९५३ मध्ये सुलतान पाचवा मोहम्मद यांना हद्दपार केल्यावर हे सिंह कॅसाब्लांका आणि मेकनेस येथील प्राणिसंग्रहालयांत हलवण्यात आले. १९५५ नंतर त्यांतील बरेच राजवाड्यात परतले. १९७३ मध्ये रबातनजीक तेमारा येथे त्यांच्यासाठी प्राणिसंग्रहालय उभे राहिले. त्यांचे वंशज पुढे युरोपातील पोर्ट लिंप्ने, प्ल्झेन, माद्रिद इत्यादी ठिकाणी गेले. त्यांची संख्या शंभराच्या आसपास सांगितली जाते.

हे सिंह खरोखर बार्बरी आहेत का, याचे उत्तर सोपे नाही. राजवाड्यातील जुन्या पैदाशीची वंशावळ लिहिलेली नाही आणि बाहेरून आणलेले सिंह त्यात मिसळले असण्याची शक्यता आहे. २००६ च्या एका अभ्यासात तपासलेले पाच नमुने मातृवंशाने बार्बरी ठरले नाहीत. त्याच वर्षी जर्मनीतील नॉयव्हीड येथील एका सिंहाबाबत मात्र अनुकूल निष्कर्ष निघाला. या चाचण्या मायटोकाँड्रियल डीएनएच्या (पेशीतील सूत्रकणिकांमधील डीएनएच्या) होत्या आणि तो फक्त आईकडून येतो. पूर्वजांत एकच दक्षिणी सिंहीण असली, तरी लेकीमागून लेकीत तिचीच खूण उतरते. उरलेली सारी जनुके उत्तरेकडील असली तरी ती या चाचणीत दिसत नाहीत. उलट, अनुकूल निष्कर्षाने शुद्ध रक्तही सिद्ध होत नाही. म्हणून शुद्धतेचा पुरावा मिळेपर्यंत पैदास थांबवावी हे मत स्वीकारण्याजोगे नाही. कळप लहान आहे, एकदा गमावलेली जनुकीय विविधता परत मिळत नाही आणि याहून जवळचे दुसरे वंशज उपलब्ध नाहीत. सध्या वंशावळ नोंदवहीच्या आधारे जोड्या ठरवून, संग्रहालयांत प्राण्यांची देवाणघेवाण करून अंतःप्रजनन (जवळच्या नातलगांतील पैदास) टाळले जाते.

ॲटलास पर्वतात कुंपणबंद क्षेत्रात हे सिंह पुन्हा सोडण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या अखेरीपासून चर्चेत असली, तरी ती प्रत्यक्षात आलेली नाही. भक्ष्य असलेले बार्बरी हरिण आणि जंगली मेंढी यांची संख्या आधी वाढवावी लागेल, तसेच मेंढपाळांची संमती मिळवावी लागेल.