अपुऱ्या दिवसांची बाळं: वजन लिहिलं, आठवडे राहिले

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या आणि जन्मताना मेंदूला इजा झालेल्या बाळांचा विषय निघाला की बोलणं थेट फिजिओथेरपीवर जातं. त्याआधी प्रसूतीच्या रजिस्टरकडे बघायला हवं. विदर्भातल्या उपकेंद्रांत आणि ग्रामीण रुग्णालयांत वर्षानुवर्षं बाळाचं वजन लिहिलं गेलं. ते कितव्या आठवड्यात जन्मलं याचा रकाना मात्र रिकामा राहिला, किंवा तिथे ‘९ महिने पूर्ण’ असं ठोकून दिलं गेलं. पुढे जे घोळ झाले त्यांतले बरेच या रकान्यातून आलेत.

वैद्यकातला जुना भाग थोडक्यात. १८६२ मध्ये लंडनच्या एका शल्यविशारदाने अवघड बाळंतपण, अपुरे दिवस आणि मुलाच्या पायांतला ताठरपणा यांचा संबंध मांडला. बरोबर शंभर वर्षांनी, १९६२ मध्ये, मेंदूतल्या पोकळ्यांलगतच्या पांढऱ्या भागाला होणाऱ्या इजेचं वर्णन आलं. पायांकडे जाणारे तंतू या पोकळ्यांना खेटून जातात, म्हणून अशा कित्येक मुलांचे हात बरे चालतात आणि पाय कडक होतात. सत्तरच्या दशकाअखेर हा भाग जिवंत बाळाच्या स्कॅनमध्ये दिसू लागला. ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाच्या मेंदूतला रक्तस्राव बहुतेक वेळा पहिल्या तीन दिवसांतच होतो, हेही याच काळात कळलं.

आपल्याकडे तोवर प्रश्न जगण्यामरण्याचा होता. सातव्या महिन्याचं बाळ एक वेळ जगेल, आठव्यातलं हाती लागत नाही, अशी समजूत घरोघरी होती. १९९५ पासून गडचिरोलीतल्या ३९ गावांत एका स्वयंसेवी संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा हेही त्यात होतं. नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून १९९७-९८ पर्यंत २५.५ वर आला. देशभरच्या आशाताईंच्या घरभेटी २०११ पासून सुरू झाल्या, त्यांचं मूळ या कामात आहे. २००५ नंतर बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली, मग जिल्हा रुग्णालयांत नवजात कक्ष उभे राहिले. ‘पेटीत ठेवलं’ हा शब्द खेड्यापाड्यात रुळला. जी बाळं पूर्वी पहिल्या आठवड्यातच जायची, ती आता घरी जाऊ लागली. त्यांचं पुढे काय होतं हे बघायची व्यवस्था मात्र बऱ्याच उशिरा आली.

आता एका इंजेक्शनबद्दल, कारण आठवडे न लिहिण्याची किंमत तिथे स्पष्ट दिसली. मुदतीआधी कळा सुरू झालेल्या आईला स्टेरॉइड दिलं तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात आणि मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोकाही कमी होतो. हे १९७२ पासून माहीत आहे. जून २०१४ मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या: २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान कळा आल्या तर नर्सबाईंनीही डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा एक डोस देऊन मगच आईला पुढे पाठवावं. इंजेक्शन स्वस्त आणि सगळीकडे मिळणारं, त्यामुळे निर्णय स्वाभाविक वाटला. काही महिन्यांतच सहा देशांतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्या चाचणीत आपल्या पूर्व विदर्भातली गावंही होती. गावपातळीवर इंजेक्शनचा वापर वाढवल्यावर सगळ्यात लहान बाळांमधले मृत्यू घटले नाहीत. उलट, या धोरणाखाली आलेल्या दर हजार बायकांमागे नवजात मृत्यू सुमारे ३.५ ने वाढले, आणि आयांमध्ये संसर्गाचं प्रमाणही वाढलं.

यावर बरीच वादावादी झाली. इंजेक्शनच वाईट, असा सोपा निष्कर्ष काहींनी काढला. मला तो पटत नाही. ज्यांना इंजेक्शन दिलं त्यांतल्या बहुतेकींची बाळं शेवटी तेवढी लहान निघालीच नाहीत, म्हणजे गरज नसलेल्या आयांना ते गेलं. शिवाय आठवडे खात्रीने ठाऊक नसल्यामुळे त्या चाचणीतही ‘अपुऱ्या दिवसांचं’ बाळ ओळखायला वजनाचाच आधार घ्यावा लागला होता. २०२० मध्ये भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत झालेल्या दुसऱ्या चाचणीचे निष्कर्ष आले. तिथे सोनोग्राफीने आठवडे ठरवले होते आणि बाळ सांभाळायची सोय होती. त्याच औषधाने तिथे मृत्यू कमी झाले.

विदर्भात वजनावर विसंबणं आणखीच फसवं आहे. रक्तक्षय, सिकलसेल, स्वतः आईचंच वजन कमी असणं, यामुळे पूर्ण दिवसांचं बाळही दीड-पावणेदोन किलोचं निघतं. कागदावर ते आणि ३२ आठवड्यांचं बाळ एकसारखंच दिसतं. शेवटची पाळी कधी आली असं विचारल्यावर बाई सांगते, “तान्हा पोळा झाला, त्याच्या दोन दिवसांनी.” भिंतीवरचं कॅलेंडर उलटून बघितलं तर यातून नेमकी तारीख निघते. ज्या नर्सबाई तसं करतात त्यांच्या नोंदी बिनचूक असतात. घाईत असलेल्या ठिकाणी ‘तारीख माहीत नाही’ एवढंच लिहिलं जातं.

बाळ घरी आल्यावर हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. आठ आठवडे आधी जन्मलेलं बाळ कार्डावर सहा महिन्यांचं असेल, तर वाढ बघताना ते चार महिन्यांचं धरायचं. लस मात्र जन्मतारखेनुसारच द्यायची. हे दुरुस्त वय साधारण दोन वर्षांपर्यंत धरतात. आठवडेच माहीत नसतील तर दुरुस्ती कशाची करणार? मग पूर्ण दिवसांच्या पण हडकुळ्या बाळाला उगाच सवलत मिळते. ‘लवकर झालंय, धरेल मान’ म्हणत महिने जातात. आठवडे माहीत असले तरी दुरुस्त वयाने फक्त उशीर समजावून सांगता येतो. चार महिन्यांनंतरही मूठ आवळलेली आणि अंगठा आत, लंगोट बदलताना मांड्या सुटत नाहीत, उभं धरलं की पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात, वर्षाच्या आत बाळ एकाच हाताने वस्तू घेतं: यांतलं काहीही दिसलं तर वाट बघायची नसते. सेरेब्रल पाल्सीचा, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहण्याचा, धोका सहा महिन्यांच्या आतच बऱ्यापैकी ओळखता येतो. तरीही ‘वर्षाचं झालं की दाखवा’ हा सल्ला अजून सर्रास दिला जातो.

२०१३ मध्ये बालकांच्या तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. वाढीतला उशीर पहिल्यांदा सरकारी यादीत बसला आणि जिल्ह्याच्या ठिकाणी उपचार केंद्रं ठरली. भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की रस्ताच बंद. अशा ठिकाणी उपचार म्हणजे आईलाच घरी करायला शिकवलेल्या गोष्टी: बाळाला कसं उचलायचं, पालथं कधी घालायचं, घास भरवताना मान कुठे धरायची. ते शिकवणारं माणूस तालुक्यापर्यंत तरी यायला हवं.

२०१८ पासून आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातही घरी जातात. आठ आठवडे आधी झालेल्या बाळासाठी यांतली सहाव्या महिन्याची भेट सगळ्यात कामाची. दुरुस्त वय तेव्हा चार महिन्यांचं असतं, मान आणि मूठ दोन्ही त्याच वेळी तपासता येतात. नवजात कक्षातून सुट्टी देताना कार्डावर जन्माचे आठवडे लिहिलेले असले, तर आशाताईला हा हिशेब दारातच करता येतो.