गाण्यांचा सिनेमा की नाट्याचा? ‘कुंकू’मागची गोष्ट

संगीतपट आवडतो की गंभीर नाट्यपट, असं विचारलं की मी ‘कुंकू’चं नाव घेतो. १९३७ चा हा चित्रपट दोन्ही आहे. तो तसा का झाला, हे समजायला आधी रंगभूमीकडे जावं लागतं.

३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ हे संगीत नाटक रंगमंचावर आलं. पूर्ण नाटकात पदं दोनशेच्या घरात. पुढे बालगंधर्वांच्या काळात लोक नाटक बघायला कमी आणि गाणं ऐकायला जास्त जाऊ लागले. वन्स मोअर आला की कथानक थांबायचं, पात्र बाजूला राहायचं आणि गवई उरायचा. त्या गाण्याबद्दल मला अपार प्रेम आहे, पण नाटकाचं त्यात नुकसान झालं असंच माझं मत आहे.

बोलपट आला तोही हाच वारसा घेऊन. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’त (१९३२) हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे, आणि संगीतही त्यांचंच. पार्श्वगायन अजून आलं नव्हतं, त्यामुळे नटाला गाता येणं भागच होतं.

वळण आलं ते १ जुलै १९३३ ला. नाट्यमन्वंतर या संस्थेने मुंबईत ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक केलं. खऱ्याखुऱ्या दिवाणखान्याचं नेपथ्य, रोजच्या बोलण्यातले संवाद, स्त्रियांच्या भूमिकांत स्त्रिया, आणि मोजकी गाणी, तीही भावगीताच्या अंगाने. संगीत केशवराव भोळ्यांचं, प्रमुख भूमिकेत केशवराव दाते. संस्था फार काळ टिकली नाही, पण हे दोघेही केशवराव पुढे प्रभातमध्ये एकत्र आले, आणि ‘कुंकू’तही भेटतात.

ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा हा चित्रपट व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केला. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा नवऱ्याला नवरा मानायला नकार देते. दाते झालेत काकासाहेब, शांता आपटे नीरा. आणि भोळ्यांनी इथे काय केलं? पार्श्वसंगीतच काढून टाकलं! ऐकू येतात ते प्रसंगातलेच आवाज. घड्याळाची टिकटिक सुरू झाली की काकासाहेबांचं उरलेलं आयुष्य कानावर पडत राहतं. दुःखाच्या प्रसंगी सारंगी घालून आपल्याला रडायला सांगणारं इथे कुणी नाही. म्हणून नीरा गायला लागते तेव्हा ते गाणं तिचं वाटतं. लाँगफेलोच्या कवितेच्या ओळी ती इंग्रजीतच गाते, तिथेही तिचा ताठ कणा दिसतो. ‘मन सुद्ध तुझं’ तर रस्त्यावरच्या गाणाऱ्या पोराच्या तोंडी आहे. शांताराम आठवल्यांचे ते साधे शब्द ऐकताना कथा थांबत नाही, उलट नीरेला बळ मिळतं. (याच आठवल्यांनी ‘संत तुकाराम’साठी लिहिलेलं ‘आधी बीज एकले’ लोकांनी तुकोबांचाच अभंग समजून डोक्यावर घेतलं.)

पुढच्या काळात तमाशापट आले. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्यात शंभराहून अधिक आठवडे चालला. तिथे गाण्याला कारण शोधावं लागत नाही, बाई फडावरचीच. ‘पिंजरा’ (१९७२) मात्र मला दोन चित्रपटांसारखा वाटतो: राम कदमांच्या लावण्या एकीकडे आणि डॉ. श्रीराम लागूंचा कोसळत जाणारा मास्तर दुसरीकडे. दोन्ही अव्वल, पण मास्तर पडद्यावर असला की मला लावणी नको होते.

‘नटरंग’मध्ये (२०१०) ती फट बुजली, कारण नायक गुणाची सगळी शोकांतिकाच तमाशाच्या फडावर घडते. ‘कट्यार काळजात घुसली’चं तर भांडणच गायकीचं. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं १९६७ चं नाटक, जितेंद्र अभिषेकीबुवांचं संगीत, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. २०१५ च्या चित्रपटात झगमगाट जरा जास्त आहे. मला नाटकातली एका हवेलीतली कोंडी जास्त भिडते. तरीही घराण्यांचं वैर तानांतून ऐकवणारा चित्रपट आजच्या तरुण प्रेक्षकांनीही गर्दी करून पाहिला, याचा मला मनापासून आनंद आहे.