नेट गेलं की लगेच फॉरमॅट कशाला?

कोल्हापुरात जुन्या लॅपटॉपचं वाय-फाय बंद पडलं की ‘एकदा फॉरमॅट मारून बघा’ हा सल्ला हमखास कानावर येतो. फॉरमॅटनं विंडोज कोरी होते. बिजागरीत तुटलेली अँटेनाची वायर त्यानं जोडली जात नाही, मदरबोर्डवरचा मेलेला सेल जिवंत होत नाही आणि राउटरची सेटिंगही बदलत नाही. फोटो, टॅलीचा डेटा, मुलांचे प्रोजेक्ट सगळं पुसलं जातं आणि नेटचं रडगाणं तसंच राहतं.

‘नेट चालत नाही’ या एका तक्रारीमागं पाच वेगळे बिघाड असू शकतात. लॅपटॉपला वाय-फाय कार्डच (वाय-फायचा सिग्नल पकडणारा आतला छोटा भाग) दिसत नसेल. कार्ड दिसत असेल, पण घरच्या राउटरचं नाव यादीत येत नसेल. नाव येऊनही पासवर्ड घेत नसेल. पासवर्ड घेतला तरी आयपी पत्ता (राउटरनं द्यायचा नेटवर्कवरचा क्रमांक) मिळत नसेल. किंवा ‘कनेक्टेड’ दिसत असूनही साइट उघडत नसेल. गाडी कुठं अडलीय हे कळायला पाच-दहा मिनिटं पुरतात. ते कळेपर्यंत स्क्रू-ड्रायव्हर आणि विंडोजचा पेन ड्राइव्ह दोन्ही बाजूला ठेवा.

कार्ड दिसतंय का?

डिव्हाइस मॅनेजर (विंडोजमधली यंत्राच्या भागांची यादी) उघडून ‘नेटवर्क अडॅप्टर्स’ बघा. तिथं वायरलेस कार्ड नाही, पण ‘अदर डिव्हायसेस’खाली पिवळ्या खुणेसह ‘नेटवर्क कंट्रोलर’ दिसतोय, तर कार्ड बहुधा ठणठणीत आहे, फक्त ड्रायव्हर (ते विंडोजला ओळखायला लावणारं सॉफ्टवेअर) नाही. प्रॉपर्टीज, मग डीटेल्स, मग हार्डवेअर आयडी असं गेलं की ‘व्हेन’पुढं चार अक्षरी संकेत मिळतो. ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १६८सी म्हणजे अथेरॉस. लॅपटॉपच्या मॉडेलवरून ड्रायव्हर शोधण्यापेक्षा या संकेतावरून शोधावा, कारण एकाच मॉडेलमध्ये कंपन्या दोन-तीन प्रकारची कार्डं घालतात. ड्रायव्हर उतरवायला नेट लागतं आणि नेटच तर नाही, हा पेच अँड्रॉइड फोन सोडवतो. फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट केबलनं लॅपटॉपला देणं) चालू केलं की विंडोज १० आणि लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत यंत्रणा) दोन्ही त्याला सहसा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय ओळखतात.

यादीत काहीच नसेल तर आधी वाय-फायचा कडेचा सरकबटणाचा स्विच आणि एफएन बटणाची जोडी तपासा. मग लॅपटॉप बंद करून चार्जर आणि बॅटरी काढा आणि पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. वीजपुरवठा सांभाळणारी बोर्डवरची चिप अधूनमधून अडकते, ती यानं मोकळी होते. इथं एक बारीक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर लॅपटॉप पूर्ण बंद होत नाही. सिस्टीमचा गाभा डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि चालू करताना तोच परत उचलला जातो, ड्रायव्हरच्या दुखण्यासकट. ‘रिस्टार्ट’ मात्र सगळं नव्यानं सुरू करतं. त्यामुळं चार वेळा शट डाउन करून न सुटलेलं कोडं एका रिस्टार्टनं सुटू शकतं.

तरीही कार्ड दिसलं नाही, तर मागचं झाकण उघडा. बॅटरी आत असेल तर पहिल्यांदा तिचा कनेक्टर काढायचा, बाकी सगळं नंतर. पावसाळ्यातल्या दमटपणानं कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो. खोडरबर घासायची पद्धत रूढ आहे, पण त्यानं सोन्याचा पातळ मुलामा झिजतो. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसणं चांगलं. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत वापरलेला लॅपटॉप असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. आत बसलेल्या धुळीत लोखंडाचा भुगा असू शकतो आणि त्यातून वीज वाहते. ब्लोअर मारताना बॅटरी सुटलेली हवी आणि पंख्याचं पातं बोटानं धरलेलं हवं.

नाव दिसत नाही, किंवा दिसतं आणि जातं

सगळ्यात जास्त चकवे इथं आहेत. शेजाऱ्यांची नावं येतात आणि आपलंच येत नाही, तेव्हा अँटेना बहुधा ठीक असते. कारण राउटरमध्ये शोधा. वाय-फायच्या नेहमीच्या दोन पट्ट्यांपैकी जुनं कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झचं असेल तर ५ गिगाहर्ट्झवरचं नाव त्याला कधीच दिसणार नाही. भारतात २.४ च्या पट्ट्यात १३ चॅनेल (क्रमांक दिलेल्या वेगवेगळ्या वाटा) वापरता येतात, अमेरिकेत ११. अमेरिकेत विकलेला लॅपटॉप फिरत फिरत आपल्याकडच्या सेकंडहँड बाजारात आला असेल, तर त्याचं कार्ड १२ आणि १३ ऐकतच नाही असं होऊ शकतं. राउटर आपोआप १३ वर गेला की लॅपटॉपवरून नाव गायब आणि मोबाइलवर मात्र सगळं सुरळीत! तिसरा चकवा नव्या फायबर कनेक्शनसोबत येणाऱ्या वाय-फाय ६ राउटरचा. त्याची नवी पद्धत २.४ वर चालू असेल तर इंटेलच्या काही जुन्या कार्डांना जुन्या ड्रायव्हरवर ते नावच दिसत नाही. ड्रायव्हर नवा घातला की दिसू लागतं.

पहिल्या दोन चकव्यांवर उपाय एकच. राउटरमध्ये २.४ ला वेगळं नाव द्या, चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी एक पक्कं करा, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. हेच तीन का? दोन शेजारच्या चॅनेलमध्ये अंतर फक्त ५ मेगाहर्ट्झचं आणि सिग्नल पसरतो २० मध्ये. म्हणून ३ किंवा ४ निवडणारा १ वाल्यालाही त्रास देतो आणि ६ वाल्यालाही.

आता अंतर आणि भिंती. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस’ (netsh wlan show interfaces) ही आज्ञा दिली की सिग्नलचा टक्का मिळतो. १०० टक्के म्हणजे उणे ५० डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं एकक), शून्य म्हणजे उणे १००. म्हणजे ४० टक्के दिसले तर सिग्नल उणे ८० आहे, आणि तिथं जुनं कार्ड धरसोड करणारच. दर १० डीबीला शक्ती दहापट घटते, त्यामुळं ८० टक्क्यांवरून ४० वर येणं म्हणजे निम्मं होणं नव्हे, शंभरावा हिस्सा उरणं. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या दोन-दोन फुटी दगडमातीच्या भिंती सिग्नल गिळतात, आणि पावसात भिंत ओली झाली की आणखी गिळतात. उद्यमनगरातल्या पत्र्याच्या शेडमध्ये प्रकार उलटा. तिथं लाटा पत्र्यावर आपटून परत येतात आणि एकमेकींना काही ठिकाणी वाढवतात, काही ठिकाणी मारतात. २.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर आहे. म्हणून लॅपटॉप वीतभर सरकवला तरी फरक पडू शकतो. यूएसबी ३ चा हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह जोडल्यावरच नेट मंदावत असेल तर तोही योगायोग नाही. त्या जोडणीचा विद्युत-गोंगाट नेमका २.४ च्या पट्ट्यात सांडतो.

राउटरशेजारी बसूनही टक्का कमी असेल तर अँटेना बघा. ती स्क्रीनच्या चौकटीत असते आणि तिच्या बारीक वायरी बिजागरीतून खाली कार्डापर्यंत येतात. झाकण हजारो वेळा उघड-मीट होतं आणि वायर आतून तुटते. परीक्षा सोपी आहे: स्क्रीन हळूहळू मागं-पुढं करत टक्का बघत राहा. कोनासोबत आकडा उड्या मारत असेल तर दोष वायरीत. आकडा कायमच पडलेला असेल तर वायरींची कार्डावरची टोपणं निसटलीत का ते बघा. ही टोपणं सरळ वर ओढून काढायची, वाकडी नाही, आणि बसवताना ‘टिक’ आवाज यायला हवा. ती साधारण ३० वेळा काढण्या-घालण्यासाठीच बनवलेली असतात, त्यामुळं उगाच खेळू नये.

कार्ड बदलायची वेळ आली तर खिसा उघडण्याआधी थांबा. लेनोव्हो आणि एचपीच्या अनेक जुन्या मॉडेलांच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर) मान्य कार्डांची यादी असते. यादीबाहेरचं कार्ड घातलं की लेनोव्होवर १८०२ किंवा एचपीवर १०४ क्रमांकाची चूक येते आणि लॅपटॉप पुढं सरकत नाही. मिनी पीसीआय एक्स्प्रेस जागेसाठी इंटेल ७२६० चं अर्ध्या उंचीचं कार्ड दोन्ही पट्टे पकडतं. छोट्या एम-डॉट-टू जागेसाठी एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्या. एएक्स२०१ आणि एएक्स२११ दिसायला तशीच, पण ती इंटेलच्या नव्या प्रोसेसरांशिवाय चालत नाहीत. जुन्यात घातली तर मुकी बसतात. एवढी कटकट नको असेल तर दोन्ही पट्ट्यांचा यूएसबी डोंगल लावून मोकळं व्हा.

जोडलं, पण अडलं

पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जात असेल तर राउटर डब्ल्यूपीए३ या सुरक्षा पद्धतीवर आहे का बघा. ही पद्धत २०१८ ची. त्याआधीच्या कार्डांसाठी २.४ च्या नावावर डब्ल्यूपीए२ आणि एईएस ठेवावं. टीकेआयपी हा जुना पर्याय निवडू नका, त्यानं वेग ५४ मेगाबिटच्या वर जात नाही.

आयपी पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर तो राउटरनं दिलेला नाही, लॅपटॉपनं स्वतःच घेतलेला आहे. राउटर एकदा बंद-चालू करा. तरीही तेच झालं तर विंडोजचं ‘नेटवर्क रीसेट’ वापरा. साठवलेले सगळे वाय-फाय पासवर्ड त्यात जातात, ते आधी लिहून घ्या. काही वेळ चालून नेट तुटत असेल तर कार्डाच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’मधली, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देणारी खूण काढा. विंडोज अपडेटनंतरच दुखणं सुरू झालं असेल तर तिथंच शेजारच्या ‘ड्रायव्हर’ टॅबमध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ आहे.

आणि सगळं जोडलेलं असून एकही साइट उघडत नसेल, तर उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. बोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की लॅपटॉप कित्येक वर्षं मागं जातो. साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र ‘अजून सुरूच झालेलं नाही’ असं ब्राउझरला वाटतं आणि तो दार लावून घेतो. नवा सेल ३ व्होल्टचा असतो. लॅपटॉपमध्ये तो बऱ्याचदा वायरीसह प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला मिळतो, तसाच मागा.

दोष विंडोजचा की यंत्राचा?

याचा निकाल ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लावतो. त्यावर लिनक्स मिंट चढवा आणि काहीही इन्स्टॉल न करता त्यावरून लॅपटॉप सुरू करा. त्यासाठी चालू होताना दाबायचं बटण डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९. तिथं वाय-फाय नीट चाललं तर यंत्र निर्दोष, आणि आता फॉरमॅटला अर्थ आहे. ब्रॉडकॉमचं कार्ड याला अपवाद. त्याच्या काही चिपांना लिनक्समध्येही वेगळा ड्रायव्हर घालावा लागतो.

फॉरमॅटच्या आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरनं हार्ड डिस्क तपासा. ‘रीअलोकेटेड’ किंवा ‘करंट पेंडिंग’ सेक्टरपुढं ‘रॉ व्हॅल्यू’च्या रकान्यात शून्याशिवाय काही असेल तर डिस्क खचतेय. अशा डिस्कवर चेकडिस्क (विंडोजची डिस्क-दुरुस्ती) चालवणं म्हणजे तिला आणखी दमवणं. आधी डेटा बाहेर काढा. विंडोज गोठते, माऊस अडकतो, नेट तुटल्यासारखं वाटतं, ते बऱ्याचदा याच डिस्कमुळं.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. आडवाटेनं चढवण्याच्या युक्त्या फिरतात, पण २४एच२ आवृत्तीपासून कोअर २ ड्युओवर ती सुरूच होत नाही, कारण लागणाऱ्या सूचना त्या प्रोसेसरात नाहीतच. अशा यंत्रावर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती ४ जीबी रॅमवर बरी चालते. मात्र टॅली किंवा श्री-लिपीवर धंदा चालत असेल तर लिनक्सकडं जाण्याआधी दहा वेळा विचार करा.

जुन्या डिस्कऐवजी अडीच इंची, साटा जोडणीची एसएसडी घाला. ती ७ मिलिमीटर जाड असते आणि जुनी जागा बहुधा साडेनऊची, त्यामुळं स्पेसर (उरलेली जाडी भरणारी पट्टी) लागतो. नवं इन्स्टॉल करण्याआधी बायोसमध्ये साटाची पद्धत आयडीई असेल तर एएचसीआय करा. विंडोज चढवून झाल्यावर बदललंत तर निळा पडदा येतो. आणि काढलेली डिस्क महिनाभर तरी कुणाला देऊ नका. नव्या यंत्रणेत अमुक फाइल आलीच नाही हे साधारण तेव्हाच लक्षात येतं.