मिग मशीन जोडताना: आधी तारेची वाट बघा

नवीन मिग मशीन, म्हणजे तार आपोआप पुढे सरकवत वेल्डिंग करणारं मशीन, सुरू केलं की हात आधी व्होल्टेजच्या नॉबकडे जातो. तो जरा थांबवा. ‘मशीन नीट चालत नाही’ म्हणून आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा स्पूलपासून (तारेच्या रिळापासून) टॉर्चच्या टोकाच्या टिपपर्यंतच्या तारेच्या वाटेत सापडतं.

तार 0.8 मिमीची असेल, तर तार पुढे ढकलणाऱ्या रोलरची खाच आणि टॉर्चची (हातात धरायच्या वेल्डिंग गनची) कॉन्टॅक्ट टिपही 0.8 चीच हवी. लोखंडाच्या भरीव तारेला व्ही आकाराची खाच लागते, ॲल्युमिनियमच्या मऊ तारेला यू आकाराची. तार ओवताना टिप काढून ठेवा, टॉर्चची केबल जमिनीवर सरळ पसरा आणि तारेचं टोक कानशीने गुळगुळीत करा. धारदार टोक लायनर, म्हणजे केबलमधली तारेची नळी, ओरबाडतं. स्पूलवरचं टोक हातातून सुटू देऊ नका, सगळी तार उसळून मोकळी होते.

रोलरचा दाब हा सगळ्यात नाजूक भाग. कोरड्या लाकडी फळीवर टॉर्च तिरकी धरून ट्रिगर दाबा. तार फळीला टेकून वळत पुढे सरकली पाहिजे. रोलर घसरत असेल तर दाब थोडा थोडा वाढवा. खूप आवळला तर तार चपटी होऊन टिपमध्ये अडकते आणि मागे रोलरपाशी गुंता होतो. अशा वेळी अजून आवळू नका. टिप साफ करा किंवा बदला. ट्रिगर दाबलेला असताना बहुतेक मशीनमध्ये तारेत करंट असतो, म्हणून ती जॉबला (वेल्ड करायच्या तुकड्याला) किंवा अंगाला लागू देऊ नका.

वेल्डला हवेपासून वाचवणाऱ्या गॅससह भरीव तार वापरताना टॉर्च पॉझिटिव्हला आणि अर्थ (जॉबला क्लॅम्पने लावायची केबल) निगेटिव्हला जोडा. गॅसशिवाय चालणाऱ्या, आत फ्लक्स (वेल्डला हवेपासून वाचवणारी पूड) भरलेल्या तारेला साधारणपणे याच्या उलट. तारेच्या खोक्यावर छापलेलं वाचून घ्या. अर्थचा क्लॅम्प रंगावर किंवा गंजावर लावू नका, तेवढी जागा घासून चकचकीत करा.

सिलिंडर उभा, साखळीने बांधलेला हवा. गॅस मिनिटाला 10 ते 15 लिटर पुरतो. वाढवला म्हणजे वेल्ड चांगला येतो असं नाही. फार जोरात सोडलेला गॅस बाहेरची हवा आत ओढतो आणि वेल्डला भोकं पडतात. पंख्याच्या झोतातही तेच होतं. बंद, कोंदट जागेत मात्र हा गॅस प्राणवायूची जागा घेतो, तिथे हवा खेळती ठेवल्याशिवाय काम सुरूच करू नका.

आता नॉब. जॉबच्याच जाडीच्या भंगार तुकड्यावर, टिपबाहेर 10 ते 15 मिमी तार ठेवून टाका मारा. तळणीसारखा एकसारखा तडतड आवाज आला की जमलं. तार जॉबला ठोसे मारत असेल तर तिचा वेग कमी करा किंवा व्होल्टेज थोडं वाढवा. वितळून टिपलाच चिकटत असेल तर उलट करा. एका वेळी एकच नॉब फिरवा.

तरीही जमलं नाही, तर तो तुकडा टाकून देऊ नका. दुकानात येताना सोबत आणा. वेल्ड पाहिला की चूक लवकर सापडते.